दाणा अजून सोडला नव्हता

नव्या शेंगा बाजारात आल्या की ते आधी माझ्या नाकाला कळतं. जळगावात आता आमच्या घरासमोर ना शेत, ना खळं. मार्केट यार्ड तर पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. तरी दसरा उलटतो, ऑक्टोबरचं ऊन पाठीला चावायला लागतं, आणि एखाद्या सकाळी कोपऱ्यावरचा हातगाडीवाला शेंगांचा ढीग लावतो. त्या शेंगांना चिकटलेल्या काळ्या मातीचा कच्चट वास दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीपर्यंत येतो. मी हातातलं काम टाकून खाली जाते. एक शेंग उचलते, अंगठ्याने फोडते, आणि दाणा तोंडात टाकण्याआधी जरा थांबते. गाडीवाल्याला वाटतं, बाई कीड बघतेय. वाटू दे. मी मनातल्या मनात कुणाची तरी परवानगी घेत असते.

यंदा नात घरी होती. पुण्याहून येताना तिने पावाला लावायची एक बरणी बरोबर आणलेली. गुळगुळीत, बदामी रंगाचं, वर तेलाचा थर. "आजी, तुमच्या वेळी पीनट बटर होतं का गं?" तिने विचारलं. म्हटलं, "होतं. पण त्याला नाव नव्हतं." ती हसली. मला हसू आलं नाही. त्या बरणीचं झाकण उघडल्याबरोबर आलेल्या वासाने मी एका जुन्या दुपारीत जाऊन पोचले होते. खमंग वासाने लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. हा एक वास मात्र माझ्या तोंडचं पाणी पळवतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याहून लग्न होऊन अमळनेरला आले त्याला एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला होता. सासरी शेंगांची अडत. सासऱ्यांना घरात आणि बाजारात सगळेच भाऊ म्हणत, सासूबाईंना जीजी. दोघं आपसात मारवाडी बोलत, शेतकऱ्यांशी अहिराणी, आणि माझ्याशी मराठी. कारण धुळ्याच्या कॉलेजात माझी मारवाडी पार बोथट झालीय, असं जीजींचं ठाम मत होतं. मला त्या बिनणी म्हणत, म्हणजे सूनबाई. त्या शब्दात माया किती आणि फटका किती, हे त्यांच्या आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचं. मी अजून शिकत होते.

माझ्या आंदणात फूड प्रोसेसर आला होता. वडिलांनी हौसेने घेतलेला, पांढराशुभ्र, डोक्यावर काचेसारखं भांडं आणि बरोबर पात्यांचा डबा. जीजींनी तो लग्नाला आलेल्या बायकांना कौतुकाने दाखवला, आणि पाहुणे पांगल्यावर त्यावर क्रोशाचं झाकण घालून कपाटावर चढवला. आमच्याकडे वाटण पाट्यावर. मशीनच्या सांधीकोपऱ्यात कोणता जीव अडकेल आणि चिरडेल, सांगता येत नाही, हे त्यांचं कारण. आम्ही जैन, तेव्हा कारण बिनतोड होतं. पण सुनेच्या माहेरचं मशीन आपल्या स्वयंपाकघरात घुरघुरावं, हे त्यांना नको होतं, हे मलाही कळत होतं. मी तरी कुठे गरीब गाय? रोज धूळ पुसायच्या निमित्ताने ते खाली काढायची, त्यांच्या देखत सावकाश पुसायची, आणि एक शब्द न बोलता पुन्हा वर ठेवायची.

त्या घरात एक रीत होती. नव्या शेंगेचा पहिला दाणा भाऊंनी चावायचा. हंगामातली पहिली गोणी कुणीतरी शेतकरी आपल्या हाताने ओट्यावर आणून ठेवी. भाऊ आंघोळ करून, नवकार मंत्र म्हणून तिथे बसत. शेंग फोडायची, दाण्याचा लाल पापुद्रा दोन बोटांत चोळून फुंकायचा, पुढच्या दातांनी दाण्याच्या दोन फाका करायच्या आणि एक जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. मग मान हलली की घर नवी शेंग खायला मोकळं. तोवर नव्याचा एक दाणा कुणी तोंडात टाकायचा नाही, मागच्या सालचाच चालवायचा. माझा तो पहिलाच हंगाम. हे सगळं मी फक्त ऐकलेलं, आणि खरं सांगायचं तर बघायची उत्सुकता होती.

पण भाऊ दाण्यांखेरीज आणखीही एक गोष्ट चघळत. मुंगीच्या जिवासाठी पाणी गाळून पिणारा हा माणूस गालात तंबाखू-सुपारीची गोळी धरून बसे, आणि स्वतःच्या जिवाचं त्याला काही वाटत नसे. श्रावणात गालात गाठ दिसली. भाद्रपदात धुळ्याला ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली, बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा माझा नवरा रमेश दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. आम्हाला वाटलं, संकट टळलं.

भाऊ घरी आले ते निम्मे होऊन. एक गाल आत ओढलेला, तोंड जेमतेम बोटभर उघडे. बरेच दात काढावे लागले होते. दवाखान्यात नाकातून नळी घालून त्यांना भरवत. ती नळी त्यांनी दोनदा उपसून टाकली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, की आता तोंडाने पोटात जायला लागलं पाहिजे. पातळ चालेल, पण ताकदीचं हवं आणि त्यात कण नको. जखमेत कण अडकला तर पुन्हा सगळं चिघळेल. पुढच्या खेपेला वजन असंच उतरत राहिलेलं दिसलं, तर नळी परत. भाऊंनी ते ऐकलं आणि घरी येताना गाडीत, फाटक्या ओठांतून, एवढंच म्हणाले, "नळी घालायची असेल तर मला नेऊ नका."

आणि मग त्यांनी एकेक पदार्थ सोडायला सुरुवात केली.

आमच्यात पच्चक्खाण म्हणून नेम असतो. आज हे खाणार नाही, ते खाणार नाही, असा मनाशी केलेला त्याग. लहान पोरंसुद्धा चातुर्मासात घेतात. भाऊ सकाळी हात जोडून डोळे मिटत, आणि उघडले की जीजींना खुणेने सांगत. आधी साखर बंद झाली. मग दूध. मग एकदा मुगाच्या पाण्यातल्या एका सालीने असा ठसका लागला, की त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी मुगाचं पाणी बंद. मग तांदळाची पेज. बघायला येणारे म्हणत, "काय संयम आहे भाऊंचा." जीजी त्यांना चहा देत आणि आत येऊन भिंतीला टेकून उभ्या राहत.

त्या घाबरत होत्या त्या शब्दाचा उच्चार घरात कुणी करत नव्हतं. आज लिहायला हरकत नाही. संथारा. अन्नपाणी एकेक करून सोडत, शांतपणे देह ठेवण्याचं व्रत. मी त्याची टवाळी करणारी नाही. माझ्या आजोळी ते फार जवळून पाहिलंय. जीजींनीही पाहिलं होतं. एकदा कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी घेतला तेव्हा मी त्यांचे पाय चेपत होते. पिकलं पान होतं ते. चेहऱ्यावर कसली आदळआपट नव्हती." मग कणकेवर मूठ मारून म्हणाल्या, "हे वैराग्य नाही बिनणी. हा रुसवा आहे."

कशावर रुसले होते ते? आरशावर असतील. बाजारातून येऊन आपल्याकडे न बघता बोलणाऱ्या दोस्तांवर असतील. पण मला वाटतं, सगळ्यात जास्त त्या गोणीवर. कळमसऱ्याकडचे एक आबा, भाऊंचे जुने शेतकरी, नेहमीप्रमाणे पहिली गोणी घेऊन आले होते. ओट्यावर टेकवून जीजींना म्हणाले, "अक्का, भाऊ कसा शेतस? ह्या नव्या शेंगा शेतस. भाऊ चावतीन तवय बठ्ठा खातीन. तवलोंग राहू द्या." भाऊ आत पडून ऐकत होते. ज्या माणसाला दाणा चावता येत नाही त्याने चावल्यावर सगळे खातील, असं तो बापडा प्रेमाने बोलून गेला. भाऊंनी भिंतीकडे कूस वळवली. ती गोणी सुतळीने शिवलेली तशीच बोळात उभी राहिली. येता-जाता सगळे तिला वळसा घालून जात, आणि तिच्यातून येणारा मातीचा वास घरभर फिरे.

धुळ्याला दाखवायला जायचा दिवस उद्यावर येऊन ठेपला.

त्या दिवशी सकाळी महासतीजी गोचरीला आल्या. चातुर्मास होता, साध्वी गावातच मुक्कामाला होत्या. दारात पांढरी वस्त्रं दिसली तशी जीजींची नजर आधी भाऊंच्या खोलीकडे गेली. त्यांनी भिक्षा वाढली, आणि महासतीजी भाऊंना मांगलिक ऐकवायला खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मंत्र संपला. भाऊ कोपरावर उठले, हात जोडले आणि म्हणाले, "महासतीजी, मला आता..."

"पडून राहा हो, टाके दुखतील," जीजी मध्येच मोठ्याने म्हणाल्या आणि पलंग आणि दार यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. साध्वींपुढे असं आडवं येणं त्यांनी आयुष्यात केलं नसेल. महासतीजींनी एकदा जीजींकडे पाहिलं, एकदा भाऊंकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आधी उद्या धुळ्याला जाऊन या. मग बोलू."

त्या गेल्या. मी स्वयंपाकघरात उगाच एक पातेलं घासत उभी होते. जीजी आल्या, पाठीमागे दार लोटलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "दाणा अजून सोडला नाही त्यांनी."

मला आधी समजेना. मग समजलं. साखर, दूध, मूग, तांदूळ, सगळं झालं होतं. पण दाण्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. जमिनीखाली येतो तरी आमच्यात शेंगदाणा चालतो, तो कंद नव्हे म्हणून. भाऊ थट्टेने म्हणत, तो चालला नसता तर मी धर्मच बदलला असता. आयुष्यभर ज्याच्या जिवावर घर चाललं तो दाणा सोडायला त्यांची जीभ धजावली नसेल. एवढी एकच फट उघडी होती, आणि उद्या सकाळी ते पुन्हा हात जोडणार होते.

"कूट चालणार नाही," मी म्हटलं. "कण लागतील."

"पाट्यावर वाटीन. लोण्यासारखं वाटीन."

त्यांनी खरंच वाटलं. मूठभर दाणे घेऊन जीव तोडून वाटलं, कपाळावरचा घाम पाट्यावर पडू नये म्हणून पदर दातात धरून. मी त्यातलं बोटभर घेऊन टाळूला लावलं. कण होतेच. जीजींनीही लावून बघितलं, आणि वरवंटा बाजूला ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या.

माझी एक मैत्रीण दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायची. तिच्या शेजारी दूरदेशी राहून आलेल्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे एकदा पावाला लावलेलं दाण्याचं लोणी मी खाल्लं होतं. घशातून कसं गेलं ते कळलंसुद्धा नव्हतं. कसं केलं विचारलं, तर त्या म्हणाल्या होत्या, काही नाही, मशीनमध्ये फिरवत राहायचं. एवढंच माझं ज्ञान. मी स्टुलावर चढले आणि कपाटावरचा प्रोसेसर खाली काढला. क्रोशाचं झाकण जीजींनी स्वतः उचललं. मग भांडं उजेडाकडे धरून, पात्याच्या दांड्यापासून झाकणाच्या खाचेपर्यंत, मुंगी-चिलट काही नाही ना, हे दोनदा पाहिलं आणि मऊ फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं. आमच्यात तेवढाच समेट झाला.

"दाणे कोणते घेऊ?" मी विचारलं. माझी नजर बोळातल्या गोणीकडे गेली असावी.

"मागच्या सालचे," जीजी म्हणाल्या. "नवी गोणी ते चावल्याशिवाय उघडायची नाही."

रीत म्हणजे रीत. मी डब्यातले दाणे मंद आचेवर भाजले, चोळले, सुपात पाखडले. पांढरे दाणे भांड्यात घातले, झाकण बसवलं, बटण दाबलं. काही झालं नाही. वीज गेली होती. आमच्याकडे म्हणतच, की दीपनगर भुसावळपाशी, वीज मुंबईला आणि काळोख आपल्याला. एरवी मीही त्यावर हसले असते.

एरवी वीज दुपारी आली काय, संध्याकाळी आली काय, फरक पडत नाही. पण भाऊंचा चौविहार होता. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही, आणि हा नेम त्यांनी दवाखान्यातही मोडला नव्हता. म्हणजे जे काही व्हायचं ते उजेड आहे तोवर. पुढची ती दुपार मी कधी विसरणार नाही. समोरच्या घराच्या भिंतीवर उन्हाची कड वर वर सरकत होती. आधी ती खिडकीच्या गजांवर होती, मग चौकटीवर, मग वरच्या कोनाड्यात. जीजी माळ घेऊन बसल्या होत्या, पण मणी सरकत नव्हते. मी बटण चालूच ठेवलं होतं, आणि दर थोड्या वेळाने उगाच बंद करून चालू करत होते. दुष्काळात तेरावा महिना. रमेश हंगामाच्या गर्दीत यार्डात अडकलेला. खोलीतून भाऊंच्या श्वासाचा शिट्टीसारखा आवाज येत होता. मला आजही वीज गेली की घर शांत वाटत नाही. बाकीचे गच्चीवर जातात, वारा खातात, आणि मी भिंतीवरचं ऊन बघते.

आणि अचानक मशीन ओरडलं. दोघी दचकलो. त्या घरात तसला आवाज पहिल्यांदाच होत होता. दाण्यांचा खडखडाट, मग घरघर, मग कूट झाल्यावर नुसती कोरडी सुसाट. मी झाकण उघडलं. कूट. पुन्हा फिरवलं. कूट कडेला चिकटू लागला. उलथण्याने खाली ढकलला, पुन्हा फिरवलं. आता त्याच्या ढेपा झाल्या आणि मग एकच जाड गोळा, जो पात्याबरोबर भांड्यात आपटत गरगरा फिरू लागला. लोण्याचा पत्ता नव्हता. उन्हाची कड कोनाड्याच्या वर गेली होती.

"तेल सुटत नाहीये," जीजी म्हणाल्या. "पाण्याचा हबका मार."

"दीपनगरच्या बाईंनी पाणी सांगितलं नव्हतं."

"माझ्या मामाची घाणी होती बिनणी. पाण्याचा हबका दिल्याशिवाय दाणा तेल सोडतो का कधी?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीने आत शिंपडलं.

मी बटण दाबलं. मशीन एकदा कण्हलं. गोळा पांढुरका पडला, आवळला, आणि मळलेल्या मातीसारखा भांड्याला घट्ट धरून बसला. पातं जागचं हलेना. मी बोट लावून पाहिलं. दगड. दाणे गेले, वेळ गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "जीजी, तुम्हाला काही कळतं का?" सासूला असं बोलायची पद्धत नव्हती. त्या ओली ओंजळ तशीच धरून उभ्या राहिल्या, आणि तेच मला जास्त लागलं.

"पाणी घातलं?"

दारात भाऊ उभे होते. खांद्यावरचा पंचा गालावर धरलेला, दुसरा हात चौकटीवर. घरी आल्यापासून ते आपल्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत कधी आले नव्हते. आवाज फाटका होता, पण त्यात राग होता, आणि तो राग आमच्यावर होता. महिनाभरात पहिल्यांदा ते स्वतःखेरीज दुसऱ्या कुणावर रागावले होते.

जीजींनी मान हलवली. "घाणीत घालतात म्हणून..."

भाऊ आत आले. त्यांचे निम्मे शब्द हवेतच विरत, आणि जीजी ते मला पुरे करून सांगत. "घाणीत तेल आणि पेंड वेगळी करायची असते," ते म्हणाले. "म्हणून पाणी. इथं वेगळं करून काय करणार? इथं तेल दाण्यातच राहायला हवं." मग भांड्यातल्या गोळ्याकडे बघून म्हणाले, "टाकू नका. गायीला द्या. दुसरे घाला."

मी भांडं धुतलं. "कोरडं," भाऊ म्हणाले. जीजींनी आपल्या पदराने ते पुसलं, पात्याच्या दांड्याच्या आतूनसुद्धा. डब्यातले उरलेले दाणे पटकन भाजून, चोळून गरम होते तसेच घातले. भाऊ मशीनशेजारी पाटावर बसले आणि एक तळवा मोटरीवर ठेवला. मला वाटलं, हे इथे बसले कशाला, दमतील. पण त्यांना उठवायची हिंमत कुणात होती?

खडखड. घरघर. सुसाट. पुन्हा ढेप, पुन्हा तो आपटणारा गोळा. माझा हात आपोआप तांब्याकडे गेला. भाऊंनी नुसतं पाहिलं. हात मागे आला. "फिरव," ते म्हणाले. मी फिरवलं. "फिरव." गोळा आपटत होता, मशीन तापत होतं, आणि एकदम बंद पडलं. जळका वास आला. बटण दाबलं, उचललं, दाबलं. काही नाही. वीज तर होती, दिवा लागत होता. समोरच्या भिंतीवर आता उन्हाची फक्त पन्हाळीपाशी एक पट्टी उरली होती.

"दमलं ते," भाऊ म्हणाले. "बसू दे."

आम्ही तिघं त्या मशीनभोवती बसलो. जीजी उठल्या, भाऊंच्या उशाचा विणलेला पंखा घेऊन आल्या आणि माझ्या माहेरच्या मशीनला वारा घालू लागल्या. भाऊ त्यांच्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांच्या ओढलेल्या गालावर काहीतरी हललं. मोटरीवरचा हात त्यांनी काढला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनीच मान हलवली. मी नवकार म्हणत बटण दाबलं.

चालू झालं. गोळा दोन फेऱ्या आपटला, आणि मग आवाज बदलला. आपटणं थांबलं. गोळा कडेने सैल पडला, पसरला, आणि बघता बघता भांड्यात बदामी चकाकणारं वलय फिरू लागलं. वास असा सुटला की बोळातल्या मातीचा वासही त्याच्यामागे पडला. "आता तेल," भाऊ म्हणाले. "दाण्याचंच." मी बुधलीतून धार सोडली. ते आणखी सैल झालं, इतकं की चमच्यावरून न तुटता ओघळावं. मी टाळूला लावून बघितलं. जीजींनी बघितलं. कण नव्हता.

औषधाचा छोटा चमचा होता. जीजी भरवायला पुढे झाल्या, तर भाऊंनी तो त्यांच्या हातातून घेतला. पन्हाळीवरची पट्टी दोराएवढी झाली होती. त्यांनी चमचा आडवा करून ओठांच्या फटीतून आत सरकवला, आणि रिकामा बाहेर काढला. डोळे मिटले. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. ठसका आला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, उद्याचं धुळं आणि त्यानंतरचंही. रमेश तेवढ्यात यार्डातून आला आणि चपला हातात घेऊन दारातच थबकला. गळ्याची घाटी वर गेली. थांबली. खाली आली.

ठसका आला नाही. त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. मग पाण्याचे दोन घोट, हात जोडले, आणि भिंतीवरचं ऊन गेलं.

भाऊंनी जीभ टाळूवरून सावकाश फिरवली आणि म्हणाले, "मागच्या सालचा माल."

"हो," जीजी म्हणाल्या. "नवा तुम्ही चावल्याशिवाय..."

भाऊंनी बोळाकडे पाहिलं. गोणी तिथेच उभी होती. बराच वेळ ते तिच्याकडे बघत होते. मग पंचा गालावरून काढून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "उद्या नव्याचं कर."

जीजींनी माझा दंड धरला. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. त्यांना नीट ऐकू आलं होतं. सगळ्यांनाच आलं होतं.

"उद्या," मी म्हटलं.

नळी पुन्हा लागली नाही. पुढची कितीतरी सालं नव्या दाण्याचा पहिला मान मशीनला मिळाला. भाऊ चमचा घेऊन डोळे मिटत, मान हलवत, आणि मग घर खाई. जीजी शेजारणींना सांगत, "आमच्या बिनणीचं मशीन आहे." भाऊंची वेळ आली ती फार नंतर, आणि तेव्हा ते खरंच पिकलं पान होतं. तो शब्द त्यांनी स्वतः उच्चारला, न रागावता, आणि महासतीजींना बोलवायला जीजी आपण होऊन गेल्या. दाण्याचं नाव तेव्हा त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं.

त्या संध्याकाळी मात्र भाऊ भिंतीला धरत खोलीत गेले आणि लगेच झोपले. मी भांडं धुवायला घेतलं. जीजी बोळात गेल्या, गोणीची सुतळी दातांनी तोडली, सूप पुढ्यात ओढलं आणि ओट्यावर फतकल मारून बसल्या. मी म्हटलं, "जीजी, सकाळी करू की." त्या ऐकतायत कुठल्या? दिवे लागले, गल्लीतली पोरं घरी गेली, तरी ओट्यावरून शेंगा फुटल्याचा आवाज येतच होता.